दोन सुपरहिरो, एक कॉमिक: 24 पानांत ही भेट कशी बसवायची?

जुवारीकाठ (फोंडा)

नमस्कार मंडळी. चवथीच्या दिवसांत वाटण्यासाठी 24 पानांचं कृष्णधवल मराठी कॉमिक करतो आहोत. आकार ए-5, कव्हर वेगळं. चित्रकार दोन, दोघांचा एकेक सुपरहिरो, आणि दोन्ही हिरोंचे आपापले छोटे अंक आधी निघालेले आहेत.

माझा 'दर्यावीर' खाऱ्या पाण्यात असेल तोवर अचाट ताकदीचा. कोरड्यावर किंवा गोड्या पाण्यात अर्ध्या तासात साधा माणूस होतो. मैत्रिणीचा 'चिरेबंद' अंग जांभ्या दगडासारखं कठीण करू शकतो, पण भिजला की मऊ पडतो. खलनायक अजून ठरलेला नाही.

पहिल्या आराखड्यात 9 पानं या दोघांच्या मारामारीतच गेली. शेवट नदीत घडतो, त्यामुळे चिरेबंद काठावर नुसता उभा राहिला. मैत्रीण नाराज आहे आणि तिचं बरोबर आहे. दोघांना समान न्याय मिळेल अशी कथा कशी बांधायची? पानांची वाटणी कशी करायची?

निळी_शाई (पणजी)

जुवारीकाठ, तुमची अडचण शेवटच्या पानावर दिसते, पण मूळ खलनायकात आहे. दोन हिरोंच्या कथेत खलनायकाचा बेत असा हवा की एकटा हिरो, मग तो कोणीही असो, त्याला थांबवूच शकणार नाही. नदीत राक्षस आणला तर चिरेबंदला काम उरत नाही. खाणीत आणला तर दर्यावीरला उरत नाही.

खारं पाणी आणि जमीन जिथे रोज एकमेकांना भिडतात ती जागा घ्या, म्हणजे खाजन. भरतीच्या रेषेखालची शेती, बांधाने राखलेली, आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारी दारं असलेली मोरी. भरती चढली की पाण्याच्या दाबाने मानशीची दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाताना उघडतात. खलनायकाने एवढंच करायचं: मानशीत चिरे ठोकून दार अडकवायचं आणि बांधाला एक चीर पाडून ठेवायची. भरतीबरोबर खारं पाणी आत शिरेल, भात जाईल, आणि नापीक म्हणून ती जमीन त्याच्या घशात पडेल. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास. सगळी कथा त्या एका भरतीत घडवा आणि चौकटींत वेळ लिहीत जा. वेगळा टाइमबॉम्ब लागणार नाही. अमावास्येची रात्र घेतलीत तर उधाणामुळे पाणीही जास्त चढेल.

आता मारामारी. 1976 साली सुपरमॅन आणि स्पायडरमॅन पहिल्यांदा एका पुस्तकात आले (लेखक गेरी कॉनवे, चित्रं रॉस अँड्रू). त्यांच्यापुढचा प्रश्न तुमच्यापेक्षा अवघड होता, कारण सुपरमॅनच्या एका ठोशात स्पायडरमॅन संपला असता. तोड अशी काढली की सुपरमॅनचा शत्रू लूथर लाल सूर्याच्या किरणांनी स्पायडरमॅनला तात्पुरती ताकद देतो. तो सुपरमॅनला झोडपतो, किरणांचा असर ओसरतो आणि ठोसे मारून त्याचेच हात दुखायला लागतात. मग दोघे थांबून बोलतात. मारामारी सुरू होण्याला कारण आहे, संपण्यालाही कारण आहे, आणि दोन्ही कारणं खलनायकाच्याच करणीतून आलेली आहेत.

तुमच्याकडे गैरसमज आयता आहे. चिरेबंद मानशीत अडकलेले चिरे उपसतो आहे. नदीतून येणाऱ्या दर्यावीरला दिसतं की एक दगडी माणूस मानस फोडतो आहे. चिरेबंदला दिसतं की एक माणूस पाण्याच्या लोंढ्यासोबतच आत आला. दोघांनाही जे दिसलं ते खरं, पण अर्धं. वाचकाला मात्र पूर्ण सत्य एक पान आधी कळू द्या. तसं केलं नाही तर पुढे खुलासा करणारे लांबलचक संवाद लिहावे लागतात आणि तिथे गती मरते.

शेवटी अदलाबदल करा. खलनायकाची तयारी दर्यावीर पाण्यात आणि चिरेबंद जमिनीवर असेल हे धरून असणार. म्हणून दर्यावीर अर्ध्या तासाची मुदत घेऊन कोरड्यावर त्याच्या मागे जातो आणि चिरेबंद पाण्यात उतरतो. जांभा खाणीतून ताजा काढलेला असताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होत जातो. चिरेबंद भिजून मऊ होतो, बांधाच्या चिरेत स्वतःला लिंपतो, ओहोटी लागून हवा लागताच घट्ट होतो. बांध वाचतो तो त्याच्या दुबळेपणामुळे. हे काम दर्यावीर कधीच करू शकला नसता. मैत्रिणीला हे पान दाखवा.

चौकट_मोजा (मडगाव)

निळी_शाई यांची मांडणी उत्तम. फक्त महिना जपा. ऐन पावसाळ्यात नदीला वरून गोड्या पाण्याचा इतका लोंढा येतो की आतल्या भागात खारेपणा फार उतरतो. ऑगस्टची कथा घेतलीत तर तुमच्याच नियमाप्रमाणे दर्यावीर फोंड्याच्या बाजूच्या जुवारी नदीत लुळा पडेल. कथा पाऊस ओसरल्यावरची ठेवा, भात कापणीला आलेलं असताना. नदीतला खारेपणा परत चढू लागतो आणि नुकसानही जास्त दिसतं. अंक चवथीला निघाला म्हणून कथा चवथीचीच हवी असं नाही.

पानांचं गणित असं बसेल. पान 1 मानस, चढती भरती आणि वेळ. 2 ते 4 चिरेबंद, 5 ते 7 दर्यावीर. दोघांची दुबळी बाजू पान 7 संपायच्या आत चित्रात दिसलीच पाहिजे, नुसत्या संवादात नको. आधीचे अंक न वाचलेला वाचक निम्म्याहून अधिक असेल असं धरून चला. 8 ते 10 मारामारी, तीनच पानं. 11 वर उलगडा. 12-13 एकच मोठं चित्र: सगळं खाजन, चीर, मानस, खलनायकाची जागा, वरून पाहिल्यासारखं. हे शोभेसाठी नाही. पुढच्या अकरा पानांत कोण कुठे आहे हे वाचकाला इथेच समजतं. 14 ते 17 दोघे वेगळे, दोन-दोन पानं. 18 ते 22 शेवट, 23-24 आवराआवर.

एकत्र आणून पुन्हा वेगळं करण्याची ही रीत सुपरहिरोंच्या टोळीइतकीच जुनी आहे. 1940 च्या 'ऑल-स्टार कॉमिक्स' अंक 3 मध्ये जस्टिस सोसायटी पहिल्यांदा जमली, पण तिथे सगळे टेबलाभोवती बसून आपापली साहसं सांगतात. खरी संयुक्त कामगिरी अंक 4 पासून. पुढे जस्टिस लीगच्या सुरुवातीच्या कथांत लेखक गार्डनर फॉक्स यांनी साचाच केला: सगळे जमतात, गटांत फुटतात, शेवटी परत येतात. सहा-सात हिरो एकाच चौकटीत कोंबले की कोणालाच काही करायला उरत नाही. दोन हिरोंनाही तोच नियम लागू आहे.

डाव्या पानाला सम आकडा येतो. धक्का नेहमी सम पानावर ठेवा, म्हणजे पान उलटल्याशिवाय तो दिसत नाही. समोरासमोर येण्याचा क्षण पान 8 च्या पहिल्या चौकटीत येतो तो त्यासाठीच. तो 9 वर गेला तर वाचक 8 वाचतानाच तिरक्या नजरेने पाहून घेतो.

ए-5 वर एका पानात 5 चौकटी, फार तर 6. एका फुग्यात 15 शब्द आणि पानभर मिळून 90 च्या आत. इंग्रजी कॉमिक्सची पुस्तकं फुग्याला 25 शब्द सांगतात, पण ती मोठ्या पानासाठी आहेत, आणि मराठी शब्द प्रत्यय लागून लांब होतात.

समानता मोजायची असेल तर ठोसे मोजू नका. कथेची दिशा बदलणारे निर्णय कोणी घेतले ते मोजा. दोघांचे तीन-तीन झाले की पुरे. 1996 साली मार्व्हल आणि डीसी या दोन कॉमिक कंपन्यांनी आपापल्या हिरोंच्या पाच लढतींचे निकाल वाचकांच्या मतांवर सोडले. सुपरमॅनने हल्कला हरवलं, स्टॉर्मने वंडर वुमनला. वुल्व्हरीन आणि लोबो यांची लढत तर बरीचशी बारच्या काउंटरमागे, वाचकाला न दिसताच उरकली. मतांनी निकाल ठरतो, कारण मिळत नाही. याउलट 2003 च्या, डीसीच्या जस्टिस लीग आणि मार्व्हलच्या अ‍ॅव्हेंजर्सच्या चार अंकी कथेत बॅटमॅन आणि कॅप्टन अमेरिका एकमेकांचा अंदाज घेतात, लढून उपयोग नाही हे ओळखतात आणि तपासाला लागतात. लेखक कर्ट ब्युसिक यांनी दोन चौकटींचा स्वभाव दोन पानांच्या गुद्द्यांपेक्षा मोठा केला. तुमच्या पान 11 साठी हाच नमुना घ्या.

जुवारीकाठ (फोंडा)

देव बरें करूं, दोघांनाही. चीर लिंपण्याची कल्पना मैत्रिणीने लगेच उचलली. आता दोन शंका. प्रत्येकाने आपापला हिरो काढायचा असं ठरलं होतं, ते चालेल का? आणि फोटोशॉपमध्ये मराठी टाकलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या वरच्या ओळीला चिकटतात.

छापखाना_म्हापसा

हिरोप्रमाणे चित्रं वाटू नका. एकाच चौकटीत दोन हातांची रेघ आली की उंची, छाया, डोळ्यांची दिशा काही जुळत नाही आणि दोघे वेगळ्या कागदांवरून कापून चिकटवल्यासारखे दिसतात. एकाने सर्व 24 पानांची पेन्सिल करावी, दुसऱ्याने सर्व पानांवर शाई. मग ज्याचा हिरो त्याने चेहरे तपासावेत. वर सांगितलेल्या 1976 च्या पुस्तकातही असंच झालं: पेन्सिल रॉस अँड्रू, शाई डिक जिओर्डानो, आणि नील ॲडम्स यांनी सुपरमॅनच्या काही आकृत्या व जॉन रोमिटा यांनी पीटर पार्करचे चेहरे सुधारले. सुरुवातीला दोन्ही हिरोंचा एक नमुना-कागद करा: समोरून, पाऊण बाजूने, पाठीमागून, शेजारीशेजारी उभे. उंचीचा फरक डोक्यांच्या मापात लिहून ठेवा. चिरेबंदचे टप्पेही ठरवा, कोरडा, ओलसर, मऊ. नाहीतर पान 20 वर तो किती विरघळला आहे हे दोघांच्या मनात वेगळं असेल.

चित्र ए-4 वर काढा, छपाईत 71 टक्के होईल. 0.5 मिमीची रेघ 0.35 उरते, म्हणून 0.2 चं पेन टाळा. काळ्या रेघेचं स्कॅन 600 डीपीआयला.

फोटोशॉपची आवृत्ती जुनी असेल तर प्राधान्यांत (Preferences) टाइप विभागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा, मग नवी फाइल उघडा. जोडाक्षरं सुधारतील. इंकस्केपमध्ये मराठी सहसा आपोआप नीट दिसतं. फॉन्ट 'मुक्त' किंवा 'बालू' घ्या, दोन्ही मोफत आणि छापायला खुले आहेत. फार जाड वजन घेऊ नका, लहान आकारात शिरोरेषेखालच्या पोकळ्या बुजतात. छापील आकार 9 पॉइंट, म्हणजे ए-4 च्या फाइलमध्ये पावणेतेरा. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट. फुगे आधी मांडा, चित्र नंतर पक्कं करा. मराठीला वरखाली जागा जास्त लागते आणि ती मागाहून शोधली तर कोणाचं तरी डोकं झाकलं जातं.

24 पानांना ए-4 चे 6 कागद आणि कव्हरचा 1. एकमेकांत घातल्यावर आतले कागद किंचित बाहेर येतात आणि कटिंगमध्ये तेवढेच कापले जातात. बाहेरचा समास 8 मिमी, घडीकडचा 12 ठेवा. कडेपर्यंत जाणारं काळं चित्र 3 मिमी बाहेर काढा. सलग मोठं चित्र फक्त 12-13 वर, कारण तो एकच कागद आहे. इतर जोड्यांत मधली रेघ सरकते.

पावसाळी छपाईचं सांगतो. रीम छापायच्या दिवशीच फोडा. दमट हवेत उघडा राहिलेला कागद लाटा धरतो आणि मशीनमध्ये दोन-दोन जातो. बाजारातल्या ए-4 चा दाणा (कागदाच्या तंतूंची दिशा) बहुधा लांब बाजूला असतो, तुमची घडी त्याला आडवी येते. आतल्या 80 जीएसएमच्या पातळ कागदाला चालून जातं, पण 250 च्या जाड कव्हरला आधी क्रीजिंग (घडीच्या जागी दाबून खाच) न करता दुमडलं तर घडीवर शाई फुटून पांढरी रेघ दिसते. पिना गंज न धरणाऱ्या मागा. साध्या पिनांचे तांबडे डाग आपल्या हवेत लवकर उतरतात.

निळी_शाई (पणजी)

एक कागद आधी करा. कोणाचा हिरो कोणाचा, परवानगी याच पुस्तकापुरती, नवा खलनायक दोघांचा, पुन्हा छापायला दोघांची लेखी संमती, आणि दुसऱ्याच्या हिरोला मारणं किंवा त्याचं रहस्य फोडणं विचारल्याशिवाय नाही. दोघांच्या सह्या घ्या. मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हे लिहिलं नाही तर हक्क 5 वर्षांसाठी आणि भारतापुरते दिले असं धरलं जातं. पुनर्मुद्रणाचं कलम किरकोळ समजू नका. जस्टिस लीग आणि अ‍ॅव्हेंजर्सचं ते गाजलेलं पुस्तक दोन कंपन्यांचं असल्यामुळे बरीच वर्षं दुकानात मिळतच नव्हतं. 2022 मध्ये पुन्हा निघालं तेही मदतनिधीसाठी, 7,000 प्रती.

जुवारीकाठ (फोंडा)

कागद या रविवारीच करतो. कव्हरवर नाव कोणाचं आधी, एवढंच आता अडलं आहे.

चौकट_मोजा (मडगाव)

आलटून पालटून. 1996 च्या मालिकेत अंक 1 आणि 4 डीसीने काढले, त्यांवर डीसीचं नाव आधी. 2 आणि 3 मार्व्हलने काढले, त्यांवर मार्व्हलचं. 2025 मध्ये मार्व्हलच्या अंकावर 'डेडपूल/बॅटमॅन', डीसीच्या अंकावर 'बॅटमॅन/डेडपूल'. तुमचा अंक एकच आहे, म्हणून कव्हरच्या दोन फाइली करा आणि निम्म्या निम्म्या छापा. डिजिटल छपाईत प्लेट नसते, त्यामुळे खर्च तेवढाच. चित्र मात्र एकच ठेवा आणि ज्याचं नाव डावीकडे तो चित्रातही डावीकडे येईल असं पाहा. त्यासाठी चित्र आरशासारखं उलटवता येईल असं काढा, म्हणजे छातीवर अक्षर नको आणि मानशीचं दार अगदी मधोमध.