सभागृहातील टीव्हीवर मराठी ओळी का दिसल्या नाहीत?

ब-२०३ (काकू): अध्यक्ष महोदय, काल १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजवंदनानंतर सभागृहात आबांच्या आठवणींची चित्रफीत दाखवली, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र आमच्या सासूबाई पहिल्या रांगेत तासभर बसल्या आणि एक शब्द न कळता घरी आल्या. त्यांना ऐकू येत नाही, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. आबा निजामाच्या काळात उर्दू माध्यमातून शिकले, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात उर्दू फार येते, म्हणून खाली मराठी ओळी देऊ असे गेल्या रविवारी सोसायटीच्या याच ग्रुपवर ठरले होते. लॅपटॉपवर त्या ओळी आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. मग टीव्हीवर का आल्या नाहीत?

सचिव: काकू, आपली नाराजी रास्त आहे. तरीही टीव्हीत काही बिघाड नाही, हे मी जबाबदारीने सांगतो. मागच्या सभेत ज्यांनी टीव्हीच्या खर्चाला विरोध केला होता, त्यांनी या निमित्ताने तो विषय पुन्हा उकरू नये.

ब-२०३ (काकू): खर्चाचा शब्दही मी काढलेला नाही, सचिव साहेब. वर्गणी आम्ही पहिल्याच आठवड्यात भरली होती, पावती आहे.

अ-१०४ (निवृत्त अभियंता): लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावावी. प्रश्न मिटेल.

क-५०१ (आबांचा नातू): काकू, चूक माझी आहे आणि ती नीट समजावून सांगतो. काल मी चित्रफीत वाय-फायवरून टीव्हीला दिली. या पद्धतीत लॅपटॉपचा पडदा टीव्हीवर जात नाही. टीव्ही लॅपटॉपमधली फाइल मागवून घेतो आणि स्वतःच्या प्लेअरमध्ये चालवतो. आपण लॅपटॉपवर ज्या ओळी पाहिल्या, त्या तिथला व्हीएलसी प्लेअर वेगळ्या एसआरटी फाइलमधून (म्हणजे ओळी आणि त्यांच्या वेळा लिहिलेल्या मजकुराच्या फाइलमधून) वाचून चित्रावर दाखवत होता. टीव्हीला त्या फाइलचा पत्ताच नव्हता, कारण चित्रफितीचे आणि ओळींच्या फाइलचे नाव मी वेगवेगळे ठेवले होते. दोन्ही नावे अक्षरशः सारखी करून फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्या लागतात आणि टीव्हीच्या मेनूतही सबटायटल चालू करावे लागते. एवढे करूनही काही टीव्ही वाय-फायवरून येणारी वेगळी फाइल घेतच नाहीत.

ड-३०२ (ताई): कार्यक्रम संपल्यावर तू नाव बदलून पुन्हा लावले, तेव्हा मी तिथेच होते. ओळी आल्या, पण रोमन अक्षरांवर टोप्या घातल्यासारखा काहीतरी मजकूर होता. आमचा धाकटा अजून विचारतो आहे की आबा फ्रेंच बोलतात का.

क-५०१ (आबांचा नातू): ताई, फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व लिपींची अक्षरे साठवण्याच्या संगणकी पद्धतीत होती आणि टीव्ही ती पाश्चात्त्य लिपीची समजून वाचत होता. मेनूत सबटायटलची भाषा बदलल्यावर देवनागरी आली, पण वाचवत नव्हती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसायला हवी, ती नंतर येत होती. ‘मुक्ती’मधला ‘क्त’ फुटून पाय मोडलेला ‘क्’ आणि सुटा ‘त’ असा दिसत होता. देवनागरीत अक्षरांची जुळणी करावी लागते, ती या टीव्हीच्या प्लेअरला जमत नाही. फॉन्टच नसता, तर नुसते चौकोन दिसले असते.

अ-१०४ (निवृत्त अभियंता): म्हणूनच म्हणतो, केबल लावावी. केबलमधून लॅपटॉपचा पडदाच जसाच्या तसा जातो, वेलांटीसुद्धा.

अध्यक्ष: साहेब, आपले म्हणणे खरे आहे. परंतु टीव्ही एका भिंतीवर आणि टेबल समोरच्या कोपऱ्यात आहे. मुले धावत असताना मधून केबल टाकणे मला धोक्याचे वाटते.

ब-२०३ (काकू): शिवाय सासूबाईंना ती चित्रफीत घरी, आपल्या खाटेवर बसून पाहायची आहे. त्या स्वतः पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे १९४८ मध्ये भारतीय सैन्याने निजामाच्या राज्यात केलेल्या कारवाईच्या वेळी सहा वर्षांच्या होत्या. घरोघरी केबल कोण लावणार?

क-५०१ (आबांचा नातू): त्यावर उपाय आहे. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये ओळी चित्रातच कायमच्या छापून घेता येतात. मग टीव्हीला वेगळी फाइल लागत नाही, लिपी ओळखावी लागत नाही आणि पेनड्राइव्हवरूनही तेच दिसते. मात्र अशा ओळी पुढे बंद करता येत नाहीत, दुरुस्तीही करता येत नाही, म्हणून मूळ चित्रफीत आणि एसआरटी फाइल मी वेगळी जपून ठेवली आहे. सुरुवातीचे चाळीस सेकंद मी नंतर कापले होते, त्यामुळे प्रत्येक ओळ चाळीस सेकंद उशिरा येत होती. सबटायटल एडिट हा प्रोग्रॅम वापरून सगळ्या वेळा एकदम चाळीस सेकंद अलीकडे आणल्या. काकू, रात्री पेनड्राइव्ह आणून देतो.

सचिव: शनिवारी सायंकाळी सभागृहात पुन्हा दाखवू. काकू, पहिल्या रांगेतली मधली खुर्ची आजींसाठी राखून ठेवतो. माझे सकाळचे बोलणे लागले असेल तर क्षमस्व.

ब-२०३ (काकू): आभारी आहे. पेनड्राइव्ह मिळाला, आताच पाहून झाले. सासूबाईंनी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली आणि दोनदा मागे घ्यायला लावले. त्यांचे दोन निरोप आहेत. एक, ओळ वाचून होण्याआधीच निघून जाते, जरा जास्त वेळ ठेवावी. दुसरे, बाराव्या मिनिटाला तू ‘पोलिसी कारवाई’ लिहिले आहेस. आबांच्या ओठांवरून त्यांना कळते की ते ‘पोलीस ॲक्शन’ म्हणाले. आमच्याकडे सगळे तेच म्हणत आणि तेच लिहावे, असा त्यांचा आग्रह आहे.

क-५०१ (आबांचा नातू): आजी म्हणतात ते बरोबर आहे. छापून झालेल्या चित्रफितीत बदल करता येत नाही, त्यामुळे एसआरटी दुरुस्त करून पुन्हा सगळे छापावे लागेल; माझ्या लॅपटॉपवर त्याला पाऊण तास लागतो. आणखी कोणाला काही खटकले असेल, तर शुक्रवारी रात्री नऊपर्यंत मिनिट आणि सेकंद लिहून कळवावे.

अ-१०४ (निवृत्त अभियंता): शनिवारी मी माझी दहा मीटरची केबल घेऊन येतो. भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने लावू, कोणाच्या पायात येणार नाही. जवळ असलेली बरी.