मारुती 800 (कार्ब्युरेटर): मिसिंग मारते आणि ऑइल खाते. इंजिन खोलू की नको?

भुसावळकर
मंडळी, जरा सल्ला द्या. घरी 1997 ची मारुती 800 आहे, कार्ब्युरेटरवाली. वडील रेल्वेत असताना घेतलेली, त्यामुळे विकायचा विषय घरात निघत नाही. मधली काही वर्षं तिला एलपीजी किट होतं, ते काढून टाकलं. अलीकडे गाडी बहुतेक उभीच असते.

तक्रारी दोन. पहिली मिसिंगची, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही आणि इंजिन लंगडतं. आयडलला, म्हणजे रेस न देता, इंजिन इतकं थरथरतं की गिअरचा दांडा नाचतो आणि आरशात मागचं काही धड दिसत नाही. वेग घेतला की बरंच कमी होतं. दुसरी म्हणजे ऑइल खाते. हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर टाकावं लागतं, आणि जमिनीवर डाग म्हणाल तर एक नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर भसकन येतो, मग थांबतो. परवा संभाजीनगरहून परतताना कन्नडचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, खाली चाळीसगावच्या बाजूला सपाटीला लागून रेस दिली तर मागे निळा ढग. मागचा बाइकवाला शिव्या घालत पुढे गेला.

एक मिस्त्री म्हणतो फुल इंजिन करा, बोअर-पिस्टन सगळं. दुसरा म्हणतो भंगारात द्या. दोघांपैकी एकानेही प्लग काढून पाहिलेला नाही. खरं दुखणं कुठे आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि हेडचं (इंजिनच्या वरच्या, व्हॉल्व असलेल्या भागाचं) काम नीट करणारा लेथवाला जळगाव-भुसावळकडे कसा निवडावा?

पारोळेकर
भाऊ, माया वेगळी आणि हिशोब वेगळा. वीस वर्षांवरच्या कारची पुनर्नोंदणी फी 2025 पासून दहा हजार झाली. त्यात इंजिनचं काम धरा. तेवढ्यात धावती सेकंड हँड गाडी येते. माझं मत: द्या काढून.

अहिराणी_गडी
भाऊ, पह्यले प्लग काढी दखा, मंग इंजिनले हात लावा. मिस्त्रीनं काय जास, खिसा तुमना शे!

आयटीआयवाली
मी आयटीआयला मोटर मेकॅनिक ट्रेड शिकवते. भुसावळकर भाऊ, अर्धं उत्तर तुम्हीच लिहिलंय. धूर किती येतो हे सगळे सांगतात, तो केव्हा येतो हे तुम्ही सांगितलंत, आणि कामाचं तेच आहे.

घाट उतरताना तुमचा पाय रेसवर नव्हता. थ्रॉटल बंद, पण चाकं इंजिनला फिरवतायत. अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त व्हॅक्युम तयार होतो. व्हॉल्वची सीलं उन्हाळे खाऊन कडक झाली असतील किंवा गाईड (व्हॉल्वची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) घासले असतील, तर हेडमध्ये वर असलेलं ऑइल व्हॉल्वच्या दांडीवरून खाली ओढलं जातं. खाली आल्यावर रेस दिलीत, ते जळालं, ढग झाला. सकाळचा धूर त्याच घरातला: रात्रभर ऑइल झिरपून व्हॉल्वच्या मागे बसतं आणि पहिल्या स्टार्टला जळतं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या गाडीचा धूर असा वेळ बघून येत नाही. ती चढावर, चार माणसं बसलेली असताना, सतत धूर सोडते. शिवाय चालू इंजिनचं ऑइल टाकायचं झाकण उघडलं की भकाभका वाफ येते, ज्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. ते झाकण काढून बघा. तिथे फारसं काही नसेल तर बोअर-पिस्टनच्या गोष्टी तूर्त बाजूला ठेवा.

आता मिसिंग. तुमच्या इंजिनात सिलिंडर तीनच आहेत, त्यामुळे एक झोपला की थरथर लपत नाही. कोणता झोपलाय ते काढा. आयडलला एकेका प्लगची वायर काढायची, रबरी मूठ असलेल्या पकडीने. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर कामाचा. ज्याची काढली तरी काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. एक काळजी घ्या: काढलेली वायर हवेत लोंबकळत ठेवू नका. तिच्यात एखादा जुना प्लग खोचून तो इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा, नाहीतर कॉइलवर ताण येतो आणि हाताला झटका बसतो तो वेगळाच.

मग तिन्ही प्लग काढून कागदावर ओळीने मांडा, क्रमांक लिहून. 1 नंबर टायमिंग बेल्टच्या बाजूचा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. फिका तपकिरी रंग म्हणजे ठीक. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. ओला, चकचकीत काळा आणि बोटाला चिकट लागला तर ऑइल. मेलेला सिलिंडर आणि ओला प्लग एकाच नंबरचे निघाले तर दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असण्याची शक्यता मोठी. वेगवेगळे निघाले तर दोन आजार समजून चाला.

रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनवर फवारणीच्या बाटलीने पाण्याचा हलका तुषार मारा. वायरींना चिरा असतील तर निळ्या ठिणग्या पळताना स्वच्छ दिसतात. डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप उघडून आतही बघा. तिथे ऑइल दिसलं तर सील गेलंय, आणि मिसिंग नुसत्या तेवढ्यानेही होतं.

हे सगळं झाल्यावर कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून स्टार्टर मारत प्रत्येक सिलिंडरचा दाब बघा. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, बॅटरी चार्ज आणि रेस पूर्ण दाबलेली. रेस न दाबता घेतलेला आकडा खोटा येतो, आणि बहुतेक गॅरेजवाले तसाच घेतात. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चांगला वाढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व किंवा हेड गॅसकेट (हेडखालची सील करणारी पट्टी).

रावेरचा_केळीवाला
ताईंनी सगळं सांगितलंच आहे. एकच भर घालतो. हे मिसिंग मे महिन्यातच होतंय का, दुपारीच होतंय का, ते बघा. आपल्याकडे 45 अंशाला कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा मेकॅनिकल पेट्रोल पंप इंजिनला चिकटून इतका तापतो की आतलं पेट्रोल उकळतं, लाइनीत वाफ धरते. सावद्याच्या फाटकावर थांबून पुन्हा निघालं की गाडी धक्के खाते. पंपावर ओलं फडकं टाकल्यावर सुधारली तर इंजिन निर्दोष आहे.

आणि डिपस्टिकचा वास घ्या. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. ई-20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पडदे लवकर खराब होतायत, तेव्हा त्या बदलूनच टाका. किंमत किरकोळ.

शहादेकर
20डब्ल्यू-50 जाड ऑइल टाका आणि धूर बंद करायची बाटली ओता. आमच्या ओम्नीने त्यावर दोन पावसाळे काढले.

आयटीआयवाली
शहादेकर दादा, जाड ऑइलने धूर कमी दिसतो हे खरं. पण यांचा सिलिंडर झोपलाय, आणि तो बाटलीने उठत नाही. विकायच्या आदल्या आठवड्यात लोक ती बाटली ओततात, म्हणून तर जुनी गाडी घेताना इंजिन थंड असतानाच स्टार्ट करून बघायचं.

अमळनेर_ते_मस्कत
थोडं अवांतर. इथे मस्कतमध्ये माझ्याकडे 2005 ची माझ्दा आरएक्स-8 आहे, रोटरी इंजिनची. पिस्टन नाही, व्हॉल्व नाही. दोन तिकोनी रोटर अंडाकार घरात फिरतात, 1308 सीसी. तुमच्या गाडीचं ऑइल खाणं हा आजार, माझ्या गाडीचं ते जेवण. रोटरच्या तीन टोकांना ज्या एपेक्स सील असतात, त्यांना वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप मुद्दाम इंजिन ऑइल आत सोडतो आणि ते जळतं. ऑइल कमी झालं नाही तरच काळजी करायची. त्यामुळे दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघणं ही सवयच होऊन जाते. जुनी आरएक्स-8 घेतलेले कित्येक जण हे न कळल्याने इंजिन गमावून बसतात.

मिसिंगचा क्रम मात्र तुमच्यासारखाच: आधी करंट, मग इंजिन. एका रोटरला दोन प्लग, असे चार प्लग आणि चार कॉइल. या गाडीच्या कॉइल कमजोर म्हणून प्रसिद्धच आहेत. कॉइल, वायर, प्लग बदलूनही गरम इंजिन चटकन स्टार्ट होत नसेल, तर एपेक्स सीलवर संशय घ्यायचा. आणि आपला नेहमीचा कॉम्प्रेशन गेज इथे फसवतो. रोटरला तीन बाजू, आणि गेज तिघांतला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो. दोन बाजू गेल्या तरी तो छान आकडा दाखवणार! तिन्ही बाजू वेगळ्या दाखवणारा टेस्टर लागतो. तो नसेल तर साध्या गेजचा व्हॉल्व दाबून धरून सुईच्या उड्या बघायच्या. तीन सारख्या उड्या आल्या तर ठीक, एक लंगडी आली की समजायचं.

भुसावळकर, तुमच्या 800 ला निदान भुसावळात मिस्त्री तरी आहे. माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं की इथले निम्मे गॅरेजवाले हात जोडतात.

भुसावळकर
सगळ्यांचे आभार. ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. 2 नंबरची वायर काढली तर इंजिनला पत्ताच नाही. प्लगही त्याचाच ओला, 1 आणि 3 चे तपकिरी. वायरींवर ठिणगी नाही, कॅप कोरडी, डिपस्टिकला पेट्रोलचा वास नाही. झाकण उघडल्यावर किंचित वाफ, भकाभका नाही. गेज मागून आणला. कोरडे आकडे 150, 90, 145 पीएसआय. ऑइल टाकून 165, 95, 160.

आयटीआयवाली
छान घेतलेत आकडे. 1 आणि 3 थोडे वाढले, म्हणजे रिंगा वयाप्रमाणे झिजल्यात, पण चालतील. 2 नंबर ऑइल टाकूनही जागेवरच, म्हणजे कॉम्प्रेशन वरून पळतंय. गॅसकेट दोन सिलिंडरांच्या मधे गेलं असतं तर शेजारचाही आकडा पडला असता. माझा संशय 2 च्या एक्झॉस्ट व्हॉल्ववर, आणि कारण तुमचं जुनं एलपीजी किट. गॅसवर चाललेल्या गाडीत व्हॉल्वची सीट (तो जिच्यावर बसतो ती कडा) झिजते, व्हॉल्व वर सरकतो, टॅपेटचा गॅप (व्हॉल्वच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट) संपतो आणि व्हॉल्व पूर्ण बसेनासा होतो. मग तो जळतो.

म्हणून हेड उतरवायच्या आधी थंड इंजिनवर 2 चा टॅपेट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) तपासा. गॅप नसेल तर बरोबर लावून पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. आकडा वर आला तर मिसिंगपुरतं काम तिथेच संपलं, सीलं नंतर सवडीने बदला. नाही आला तर 2 चा पिस्टन वर आणा, दोन्ही व्हॉल्व बंद आहेत ना बघा, गाडी गिअरमध्ये घालून हँडब्रेक ओढा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने प्लगच्या भोकातून हवा सोडा. सायलेन्सरला फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, कार्ब्युरेटरकडे आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणात आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट.

भुसावळकर
2 च्या एक्झॉस्टला पत्तीच जाईना. गॅप लावून आकडा 105 वर आला, पुढे नाही. हवा सोडल्यावर सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर गार झोत लागतोय. म्हणजे हेड उतरवणं आलंच. पण बोअर-पिस्टन वाचलं.

पारोळेकर
मग ठीक आहे, ठेवा गाडी. नुसतं हेडचं काम असेल तर हिशोब बसतो.

चौफुलीवाला
जळगावला अजिंठा चौफुलीच्या आसपास माझं येणं-जाणं असतं, म्हणून सांगतो. नाव सांगून उपयोग नाही, कारागीर बदलत असतात. हेड स्वतः घेऊन जा आणि काम समोर करून घ्या. तिन्ही सिलिंडरचे गाईड हलवून बघायला सांगा. ते ढिले असताना नुसती सीलं टाकली तर वर्षभरात पुन्हा धूर. 2 चा व्हॉल्व नवा, सीट बसवून घासलेली, हेड फेसिंग (तळ घासून सपाट करणं) गरज असेल तरच. व्हॉल्व बसवून झाले की हेड पोर्टची तोंडं वर येतील असं आडवं धरायचं, पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओतायचं आणि चहा घेऊन यायचं. परत आल्यावर व्हॉल्वच्या कडेने ओल दिसली तर पैसे द्यायच्या आधी पुन्हा घासून घ्या. हेड उतरतंच आहे तर टायमिंग बेल्टही नवा टाका. आणि बोल्ट आवळताना टॉर्क रेंच वापरायला लावा, मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने. तिथे घाई करणाऱ्याकडून हेड परत घेऊन या.