मालिकांनी आपली लग्नं बदलली का?

गिरगावकर
गेल्या महिन्यात दादरच्या एका हॉलमध्ये भाचीचं लग्न झालं. घाणा भरायला मुसळांना आंब्याची पानं बांधली, बायका जमल्या, आत्याने ओवी धरली. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "आजी, जरा थांबा, रीलवर गाणं वेगळं टाकायचंय." आत्या गप्प झाली. मग मेंदी, संगीत, बूट लपवणं. आमच्या घरच्या जुन्या लग्नांत यातलं काही नव्हतं. १९९२ला झी टीव्ही आला, घरोघरी केबल आली, उत्तरेकडची श्रीमंती लग्नं रोज रात्री दिसू लागली आणि तीच आपल्याला खरी वाटायला लागली. मेंदीवर माझा राग नाही. आत्याची ओवी अर्धी राहिली, ते मनातून जात नाही.

चाळकरी
दादा, तुम्ही गिरगावचे. १८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. पुढे हा उत्सव गावोगाव गेला, त्यात 'केसरी'चा वाटा केवढा मोठा! वर्तमानपत्र म्हणजे माध्यमच की. आज तीच आपली परंपरा. मग मालिकेतून आलेलं तेवढं परकं कसं?

गिरगावकर
'केसरी' वाद घालायचा, वाचणारा उलट उत्तर देऊ शकत होता. मालिका रोज नुसती दाखवत राहते. तिच्याशी भांडणार कसं?

वरळीची लेक
हळदीचं नाचगाणं मालिकांनी आणलं म्हणणाऱ्यांनी कोळीवाड्यात यावं. आमची हळद पूर्वीपासून रात्रभर वाजते. आगऱ्यांकडे तर धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते. बदललाय तो खर्च. आता सगळ्यांना एकसारखे पिवळे कपडे, फुलांची भिंत, आणि नवरीचा बाप कर्ज काढतो. त्यावर बोला.

सुनबाई, डोंबिवली
माझ्या सासूबाई विधवा. नणंदेच्या हळदीला त्या मागे जाऊन बसल्या. नणंदेने हात धरून पुढे आणलं, पहिली हळद त्यांच्याच हातून लावून घेतली. मालिकेत बघितलं होतं, असं तिने नंतर सांगितलं. ओवी थांबली याचं मलाही वाईट वाटतं. पण जुन्या रीतीत सासूबाईंना ओवीला कुणी बोलावलंच नसतं.

गिरगावकर
ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमची आत्याही विधवा आहे. माझ्या बहिणीच्या लग्नात ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नव्हती. या वेळी पुढे बसली, ओवी धरली, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. फोटोग्राफरला मात्र मी अडवायला हवं होतं. मी तिथेच उभा होतो.