सुतक नाही, पण...

१६ डिसेंबर २००४. लक्ष्मीकांत बेर्डे गेला. ('गेले' म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही. लक्ष्या तो.) जेमतेम पन्नाशीचा. बाबा ड्यूटीवरून आले, जेवले आणि म्हणाले, "बनवाबनवी लाव रे." आमच्याकडे व्हीसीडी होती. बाबांना अख्खा सिनेमा पाठ, लक्ष्याच्या अर्धा सेकंद आधी संवाद म्हणायची खोड. त्या रात्री गप्प. आजोबा गेले तेव्हा डोळ्यांत टिपूस न आलेला हा माणूस, लक्ष्या पार्वती होऊन साडीत आला तसा उठला आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. आम्ही भावंडं पडद्याकडे बघत हसू दाबत बसलो.

नात्यातलं कुणी गेलं की सुतक असतं, दहावं-तेरावं असतं, रडायची सोय असते. लक्ष्याचं काय करायचं? तुमचंही असं कुणी असेल तर लिहा. ते किती थोर होते हे पेपरात येतं. त्या दिवशी तुमच्या घरात काय झालं ते सांगा.

*

पु. ल. गेले तेव्हा, १२ जून २००० ला, मी मस्कतला नोकरीला. बातमी भावाने फोनवर दिली. आयएसडीचे पैसे पळत होते, तरी दोघंही काही न बोलता धरून बसलो. रात्री त्यांच्या कथाकथनातली 'म्हैस' लावली. ही कॅसेट आम्ही कॉलेजात असताना घरीच उतरवलेली, दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून. त्यामुळे एसटीच्या प्रवासात मध्येच आईच्या कुकरची शिट्टी होते. आता यूट्यूबवर स्वच्छ आवाजात ऐकतो, पण त्या जागेवर आलो की शिट्टीची वाट बघतो. आईही आता नाही.

*

थोडं तिरकं लिहितो, रागावू नका. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी कलावंत गेला की सात मिनिटांत चाळीस 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडतात. मागे एका ज्येष्ठ नटाला ते हयात असतानाच वाहून झाली. चूक कळल्यावर त्याच लोकांनी 'शतायुषी व्हा' टाकलं. यातल्या कितींनी तिकीट काढून नाटक पाहिलंय, विचारायचं नाही.

*

आम्ही कुडाळकडचे. मालवणी नाटकवाले मच्छिंद्र कांबळी गेले ते ३० सप्टेंबर २००७ ला. पितृपक्ष चालू होता आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे आजोबांचा म्हाळ. आजी आयुष्यात एकदाच मुंबईला आली होती, आणि त्या फेरीत त्यांचं 'वस्त्रहरण' नाटक बघून गेली होती. परत जाताना गाडीत म्हणे येणाऱ्या-जाणाऱ्याला तात्या सरपंच करून दाखवत होती. तर म्हाळाच्या दिवशी कावळ्याचं पान मागच्या पडवीतून बाहेर नेताना काकांच्या लक्षात आलं, की आजीने कडेला भाताचा एक मूद जास्तीचा ठेवलाय. वर काळ्या वाटाण्याची आमटी, एक वडा.

"ह्यो कोणाचो?"

"मच्छिंद्राचो."

काका भडकले. तो आपल्या गोत्राचा नाही, नात्याचा नाही, त्याचं करायला त्याची माणसं आहेत, वगैरे. भटजी हात धूत होते, त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. आजी एवढंच म्हणाली, "आमची बोली मुंबैत नेल्यान. एक घास ठेवलंय तर काय बिघाडला?" पान तसंच गेलं. कावळा आधी कशाला शिवला हे मी बघितलंय, पण काका अजून आहेत, तेव्हा लिहीत नाही.

*

शाळेच्या गॅदरिंगला मी 'ती फुलराणी' नाटकातलं फुलराणीचं स्वगत केलं होतं. दुसरा नंबर. सगळी नक्कल भक्ती बर्वेंची, श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा. २००१ च्या फेब्रुवारीत त्या एक्सप्रेस-वेवरच्या अपघातात गेल्या. पुण्याला जाताना अजून गाडीत तो विषय निघाला की मी खिडकी खाली करते.

*

इथे सगळे मोठ्या नावांचं लिहितायत, मी बिननावाचं लिहितो. आमच्या गावच्या जत्रेचा तमाशा ठरवायला मी दरवर्षी नारायणगावला जातो. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. आत मॅनेजर वही घेऊन बसलेला. तारीख, आकडा, घासाघीस, चहा, सुपारी. एका फडाचा सोंगाड्या आमचा ठरलेला. बतावणीत, म्हणजे वगाआधीच्या थट्टामस्करीत, आमच्या सरपंचाची टोपी उडवायचा आणि सरपंच त्यासाठी मुद्दाम पुढे बसायचे. २०२० ला लॉकडाऊन लागला, जत्रा बंद, पुढच्या वर्षीही तेच. २०२२ ला राहुटीत गेलो, आकडा ठरला आणि सवयीने म्हणालो, "आपला गडी आहे ना?" मॅनेजरने वहीतून वर न बघता सांगितलं, "दीड वर्ष झालं." इतके दिवस आम्हाला पत्ता नाही. पेपरात यायचा प्रश्नच नव्हता. आकडा पुन्हा घासायचं धाडस झालं नाही, सांगितला तेवढा देऊन आलो.

जत्रेला नवा पोरगा होता. तयारीचा, आवाजही चांगला. टोपीची जागा आली तसे सरपंच आपणहून थोडे पुढे वाकले. पोराला ते ठाऊक नव्हतं, तो पुढच्या संवादावर गेला. सरपंचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वग संपेपर्यंत ती घातली नाही.