स्ट्राँग सिगार ओढला, डोकं गरगरलं, पण चव काही सांगता येत नाही

धरमपेठकर:
मेहुण्याने दुबईहून दोन सिगार आणून दिले, निकाराग्वाच्या एस्तेलीचे, रोबुस्टो म्हणजे आखूड-जाड साइज, फुल बॉडी आहे जपून ओढा असं म्हणाला. महिनाभर कपाटात पडून होते. काल संध्याकाळी गच्चीवर बसलो, जेवण व्हायचं होतं, नुसता चहा घेतलेला. सुरुवातीला मिरीसारखं तिखट लागलं मग धूर गरम, जीभ कडू, अन् अर्ध्यात पोचेस्तोवर कपाळावर घाम अन् मळमळ. मी रोज खर्रा खातो, तंबाखू मले काही नवीन नाही, तरी असं काहून झालं? लोकं कोको, कॉफी, चामडं असं काय काय लिहितात, मले त्यातलं काहीच नाही लागलं. एक अजून उरला आहे, तो नीट समजून ओढायचा आहे.

गच्चीवरचा_वारा:
भाऊ, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. स्ट्रेंग्थ म्हणजे निकोटिनचा मार, तो डोक्यात अन् पोटात कळतो. बॉडी म्हणजे धूर तोंडात किती जड, किती भरलेला लागतो ते. सावजीचा रस्सा पातळ असतो पण जाळतो, आमरस घट्ट असतो पण तिखट नाही, तसंच. तुमच्या सिगारमध्ये दोन्ही होतं अन् पोट रिकामं, म्हणून गरगरलं. असं झालं की ठेवून द्यायचा अन् साखर किंवा गूळ खायचा, बरं वाटतं.
मार येतो तो मुख्यतः लिहेरो पानामुळे. झाडाच्या शेंड्याकडची पानं, ऊन जास्त खाल्लेली, जाड, तेलकट, हळू जळणारी, म्हणून ती भरणीत मधोमध ठेवतात. वरचं पान काळं म्हणजे सिगार स्ट्राँग असं मात्र समजू नका, मदुरो म्हणतात त्या काळ्या पानाचा रंग जास्त फर्मेंटेशनचा असतो, त्यात गोडवाच जास्त सापडतो.

सीताबर्डी_कॉर्नर:
माझ्या मते तुम्ही सिगार ओढलाच नाही, नागपूरचा मे महिना ओढला. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, इथे दुपारी पारा ४५ला टेकतो अन् हवा पार कोरडी. उरलेला कानाजवळ धरून हलकेच दाबा, पापडासारखा कुरकुर आवाज आला की समजा वाळला. वाळलेला भराभर जळतो, धूर तापतो अन् तेलं उडून गेली की कडूच उरतं, कोको कुठून येईल. हवाबंद डब्यात ६५ टक्केवालं ह्युमिडिटी पाकीट, म्हणजे ओल कायम राखणारं, टाकून दोन-तीन आठवडे घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. घाईने ओल देऊ नका, वरचं पान फुगून चिरतं. कूलरसमोर तर बिलकुल नको, तिथली ओल एकसारखी नसते. अन् उकाड्यात आत तंबाखूच्या किडीची अंडी असली तर फुटतात, मग पानावर टाचणीएवढी भोकं दिसतात, ते पण बघून घ्या.

गच्चीवरचा_वारा:
बरोबर बोलले. ओढताना मग असं करा. जेवून, पण सावजीनंतर नाही, अन् त्या दिवशी खर्रा बंद, सुपारी-चुन्याने बधिर झालेल्या जिभेला काय कळणार. टोपीचा, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकाचा, बारीकसा काप घ्या, न पेटवताच एक झुरका ओढा, गवत, मनुका, गोठ्यासारखा वास, जे येईल ते लक्षात ठेवा. ज्योत न टेकवता कडा शेकून पेटवा. मिनिटाला एकच झुरका, धूर छातीत घ्यायचाच नाही. मग थोडासा धूर तोंडातून नाकावाटे सोडा, खरी चव तिथेच कळते, पण स्ट्राँगमध्ये अगदी थेंबभर, नाहीतर डोळ्यातून पाणी. सिगारचे तीन भाग धरून तिन्हींची वेगळी नोंद करा, पहिल्या भागातली मिरी दुसऱ्यात मागे हटून लाकूड, भाजलेला दाणा असं काही आलं तर ब्लेंड, म्हणजे पानांचं मिश्रण, चांगला. शेवटपर्यंत नुसतं तिखटच राहिलं तर मी त्याला स्ट्राँग म्हणीन, चांगला नाही म्हणणार.

धरमपेठकर:
आत्ताच कानाशी धरून बघितला, कुरकुर वाजतो. भोकं नाहीत. डब्यात टाकून देवघराच्या बाजूच्या खोलीत ठेवतो, तिथे ऊन येत नाही. आता पाऊस लागल्यावरच काढीन, तोवर खर्रा पण कमी करून बघतो.