खापरपणजोबांपासून बाबांपर्यंत, प्रत्येकाच्या सालाचं एक नाणं : कुठून आणि कसं घ्यावं?

पूर्णाकाठ :
नमस्कार मंडळी. आमचं गाव चांदूर बाजार तालुक्यात. आजीच्या गळ्यात चांदीच्या रुपयांची माळ होती, अकरा कलदार. १९७२ च्या दुष्काळात ती मोडली आणि घरात ज्वारी आली. आता आजी नाही, माळ नाही. घरात जुनं म्हणावं असं एकही नाणं उरलेलं नाही.

यंदा वारसनोंदीसाठी कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यू नोंदींची) नक्कल काढली, भाटाच्या वहीतूनही नावं उतरवून घेतली. चार जन्मसालं हाती लागली. खापरपणजोबा १८६८ (वहीत संवत १९२५ आहे), पणजोबा १९०३, आजोबा १९२९, बाबा १९५७. वंशावळीच्या तक्त्यात प्रत्येकाच्या नावाखाली त्याच्या सालाचा एक रुपया बसवायचा आणि लक्ष्मीपूजनाला तो तक्ता पाटावर ठेवायचा, असं मनात आहे. बजेट चार हजार. कापसाचा चुकारा अजून यायचा आहे, त्यामुळे त्यावर जाता येणार नाही. कुठून घ्यावं, आणि फसू नये म्हणून काय पाहावं?

संत्राबागवाला :
चार हजार फार कमी होतात. मागच्या वर्षी मृग बहाराचे पैसे आले तेव्हा मी नागपूरच्या इतवारीतून राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे, पंचवीस रुपये एकदम उचलले. सगळे खणखणीत, एकाचाही काठ झिजलेला नाही. आमच्याकडे आजेसासूबाईंची पुतळ्यांची माळही आहे. माझं ऐका, वर्षभर थांबा आणि सोनंच घ्या. चांदी काळी पडते.

वरुडची सून :
यात्रेत घेऊ नका, एवढंच सांगते. मुलाच्या बारशाला देव्हाऱ्यात ठेवायला म्हणून मी एक नाणं घेतलं होतं. एका बाजूला राम-सीता, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८. विकणारा म्हणाला, याला तांदूळ चिकटतात. अडीच हजार दिले. सोनारानं घासून पाहिलं तर पितळ. कंपनीनं राम-सीतेचं असं अर्ध्या आण्याचं नाणं कधी पाडलंच नव्हतं, हे मला दोन वर्षांनी कळलं. सासूबाई अजून त्याचीच पूजा करतात, मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

नाणेवही :
पूर्णाकाठ, चारही जण रुपयात बसणार नाहीत, ते आधी सांगतो.

१८६८ साल छापलेला रुपया नाहीच. राणीचा १८६२ चा रुपया १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडत राहिले. म्हणून खापरपणजोबांसाठी १८६२ चाच घ्या, तो त्यांच्या जन्माच्या वर्षीही टांकसाळीतून निघत होता. मुंबईच्या काही रुपयांवर वर्षागणिक ठिपके वाढवत नेलेले दिसतात, पण ते ओळखायला भिंग आणि सवय दोन्ही लागतात.

१९०३ सोपं आहे. सातवा एडवर्ड, डोक्यावर मुकुट नाही.

१९२९ ला रुपया नाही. पंचम जॉर्जचा चलनातला रुपया १९२२ ला थांबला, नंतरचा थेट सहाव्या जॉर्जचा, १९३८ सालाचा. आजोबांसाठी पाव आणा घ्या, म्हणजे जुना पैसा. सोळा आण्यांच्या रुपयात असे चौसष्ट. तांबडा असतो, स्वस्तात मिळतो.

बाबांचं साल तर फारच छान आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि शंभर नव्या पैशांचा रुपया झाला. १९५७ चा एक नवा पैसा घ्या.

आता पारख. १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, जुना एक तोळा. (सोनार आता दहा ग्रॅमचा तोळा धरतो, त्यात गोंधळू नका.) शुद्ध चांदी त्यात १०.६९ ग्रॅम असते, तेव्हा त्या दिवशीचा भाव पाहून हिशेब आधी घरीच करा. झिजलेला असेल तर वजन किंचित कमी भरेल, जास्त मात्र भरता कामा नये. १९४० पासून चांदी निम्मी झाली. आणि डाग देऊन (झाळून) कडी लावलेला रुपया घेऊ नका. माळेतून काढलेले असे पुष्कळ येतात, संग्राहक त्यांना नाणं म्हणून किंमत देत नाहीत.

बोंडअळी :
भाऊ, लोहचुंबक घेऊन जाजो. माह्या बुढ्याच्या पेटीत १९४७ चा वाघाचा रुपया होता. चुंबकाले चिकटला म्हणून मले वाटलं खोटा हाये, देऊन टाकला भंगारवाल्याले. मंग पोराच्या मास्तरनं सांगितलं का थो निकेलचाच असते, चिकटणारच. बुढा त्याले जिवापाड जपे. अजून वाईट वाटते.

नाणेवही :
हो, १९४७ चा रुपया निकेलचा, तो चिकटणारच. चांदीचा चिकटला तर खोटा. पण न चिकटणाऱ्या पांढऱ्या धातूचेही खोटे रुपये बनतात, म्हणून वजनकाटा आधी, चुंबक नंतर.

सक्करदरा :
पूर्वजांसाठी करताय आणि नाणी राणीची? वंशावळीत नागपूरकर भोसल्यांचा रुपया हवा. आपल्या मातीतलं राज्य ते.

गाविलगड :
चांदूर बाजार वर्धा नदीच्या पश्चिमेला आहे, दादा. १५ डिसेंबर १८०३ ला गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड सोडलं, ते निजामाकडे गेलं. १८५३ मध्ये निजामाने ते इंग्रजांच्या ताब्यात दिलं. त्यांचे खापरपणजोबा १८६८ चे, त्यांच्या हातात भोसल्यांचा रुपया कशाला येईल? आणि भोसल्यांच्या रुपयावरही नाव दिल्लीच्या बादशहाचंच असे.

सक्करदरा :
१८०३ च्या आधी वऱ्हाडात भोसल्यांची वसुली होती, ते सोडून देता का? खापरपणजोबांचे आजोबा तेव्हा शेत कसत असतीलच.

गाविलगड :
असतील. पण त्यांचं साल पूर्णाकाठ यांच्याकडे नाही. मागे जायचंच असेल तर एलिचपूरचं, म्हणजे आताच्या अचलपूरचं, तांब्याचं नाणं शोधावं. अचलपुरात मुघलांच्या काळापासून टांकसाळ होती, घरापासून तासाभराच्या अंतरावर. मी माझ्या घरासाठी तेच घेतलं. अक्षरं अर्धीच उमटलेली आहेत, तरी हातात धरलं की आपल्या गावाजवळ कुणीतरी हातोडा मारून हे पाडलं असं वाटतं.

पऱ्हाटी :
यात्रेत घेऊ नका, आधी सांगितलंच आहे, मीही सांगते. आणि घेतल्यावर चिंच लावू नका! राख नको, लिंबू नको, भांड्यांची पावडर तर मुळीच नको. आमच्या नणंदबाईंनी दिवाळीला सगळे रुपये चिंचेनं घासून लख्ख केले. राणीच्या केसांच्या बटा गेल्या, चेहरा सपाट झाला. काळपटपणा राहू द्यावा. धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढून सुती कापडावर टिपायचं, बस. पूजेत हळदकुंकू थेट नाण्यावर वाहू नका, समोर वाहा.

संत्राबागवाला :
कडीवाला घेऊ नका हे बरोबर आहे. माझ्या पंचविसात एकही कडीवाला नाही. आणि सोन्याचा विचार करा.

वावरातला :
विकत कशाला घेता, जुन्या गढीच्या मातीत पावसानंतर नाणी दिसतात, आमच्याकडे पोरं आणतात.

नाणेवही :
कृपया असं करू नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. यात कायद्याइतकंच दुसरंही आहे. वाशिम जिल्ह्यात तऱ्हाळ्याला सातवाहनांची हजारावर नाणी एकाच ठिकाणी सापडली, आणि सगळी एकत्र अभ्यासली गेली म्हणून राजांची नावं, त्यांचा क्रम यांवर उजेड पडला. पोरांनी दोन-दोन वाटून घेतली असती तर काहीच कळलं नसतं. जुनी नाणी पाहायची असतील तर नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, जा, पोरांनाही न्या.

वरुडची सून :
आणि मोबाईलवर तुमचं जुनं नाणं लाखात घेतो म्हणणारे फोन आले तर आधी नोंदणीचे पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेनंही २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. माझ्या भावाला आला होता तसा फोन.

पूर्णाकाठ :
बारा दिवसांनी लिहितो आहे. सर्वांचे मनापासून आभार, विशेष नाणेवही यांचे. १९२९ चा पाव आणा आणि १९५७ चा नवा पैसा अमरावतीला मिळाले, दोन्ही मिळून अडीचशे रुपये. उरलेल्या पैशांत चांदीचा एकच रुपया बसत होता.

तो मी कडीवालाच घेतला. १८६२ चा. तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलं होतं, मला माहीत आहे. अमरावतीत बिनकडीचा चांगला रुपया हातात होता, पण परत येताना गावातल्या सोनारकाकांकडे सहज गेलो. त्यांच्या मोडीच्या डब्यात हा होता. काट्यावर कडीसकट बारा ग्रॅमच्या थोडा वर, चुंबकाला चिकटला नाही. आमच्याच माळेतला आहे असं मी म्हणणार नाही, काकांनाही आठवत नाही. आत्याच्या हातात दिला. तिनं कडीच्या आतून नख फिरवलं आणि म्हणाली, “आईच्या माळेच्या कड्या अशाच एका अंगानं झिजल्या होत्या, दोऱ्यानं.” मग मला दुसरा घेववला नाही.

पणजोबांची जागा चुकारा येईपर्यंत रिकामी ठेवतो आहे. एकच विचारायचं राहिलं, कडीमुळे रुपया तक्त्यात सपाट बसत नाही. कडी कापायची नाही.

बोंडअळी :
कापू नोको. माहा साळा सुतार हाये, परतवाड्याले. लाकडात कडीपुरती खाच करून देईन. तक्ता अन् रुपया दोन्ही घेऊन ये, आईतवारी घरीच असते थो.