ग्राल काचेवरची नक्षी वरून रंगवलेली नसते

स्टॉकहोम फर्निचर फेअरमधल्या काचपात्रांवरची नक्षी वरून रंगवतात असं कुणी म्हणालं, तर ते ग्रालच्या, म्हणजे काचेच्या आत नक्षी बंद करण्याच्या तंत्राच्या कामाला लागू नाही. स्वीडनमधल्या ओरेफोर्सच्या काच कारखान्यात १९१६ साली निघालेलं हे तंत्र स्वीडिश काच-कलाकार आजही वापरतात. आधी रंगीत थराचा काचेचा छोटा, जाड फुगा फुंकून सावकाश गार करायचा, मग तो थर कोरून किंवा सँडब्लास्टने (जोराने वाळूचा मारा करून) नक्षी काढायची. नंतर हळूहळू ५०० अंशांच्या आसपास तापवून फुगा पुन्हा फुंकायच्या नळीवर घ्यायचा, त्यावर पारदर्शक काच चढवायची आणि पूर्ण आकारात फुंकायचा.

खरी जोखीम इथेच. तापवताना घाई झाली की फुगा तडकतो. दोन काचांचं प्रसरण जुळलं नाही तर तडा गार झाल्यावरही जातो, सगळी मेहनत पाण्यात. शिवाय फुंकताना नक्षी ताणली जाते, त्यामुळे कोरतानाच तो हिशेब धरावा लागतो. स्टॉलवर ओळखायचं तर कडेने बघा: पृष्ठभाग गुळगुळीत, नक्षी आत.